वाचकांचे प्रश्न : सापडलेले कासवाचे पिल्लू घरी वाढवावे का?

प्रश्न : आमची शेती सांगलीजवळ कृष्णाकाठी आहे. गेल्या आठवड्यात पाऊस पडून गेल्यावर उसाच्या सरीत आमच्या कुत्र्याने कासवाचे एक लहान पिल्लू तोंडात धरले होते, ते आम्ही सोडवून घरी आणले. हात लावला की ते मागचे पाय आत घेते आणि खालून झाकण लावल्यासारखे बंद होते. मुलाने मोबाइलवर शोधून हे ‘बॉक्स टर्टल’ असल्याचे सांगितले आणि तेथे वाचल्याप्रमाणे खोक्यात ओलसर माती, पालापाचोळा व पाण्याची उथळ बशी ठेवली. आम्ही दूध आणि भिजवलेली चपाती देऊन पाहिली, पण ते काहीच खात नाही. पाठीवर दातांचे ओरखडे आहेत, तेथे हळद लावली आहे. सासूबाई म्हणतात की कासव आपल्या पायांनी घरी आले म्हणजे लक्ष्मी आली, आता त्याला बाहेर काढू नये. त्याला जगवण्यासाठी काय करावे? — एक वाचक, सांगली

उत्तर : कुत्र्याच्या तोंडातून आपण त्या जिवाला सोडवले, ही मोठीच गोष्ट केली. आता त्याला खरोखर जगवायचे असेल तर सर्वप्रथम त्याची ओळख नीट पटली पाहिजे, कारण आपल्या घरी झालेल्या जवळजवळ सर्व चुका चुकीच्या ओळखीतून झालेल्या आहेत. बॉक्स टर्टल हे मुख्यतः अमेरिकेच्या जंगलांत व माळांवर राहणारे कासव आहे. त्याच्या काही आशियाई नातलग जाती ईशान्य भारतापासून पूर्वेकडे आढळतात, परंतु कृष्णेच्या काठी ते निसर्गतः सापडत नाही. आपण केलेल्या वर्णनावरून आपल्याकडचे पिल्लू ‘इंडियन फ्लॅपशेल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, मऊ पाठीच्या पाणकासवाचे असावे, असे मला वाटते. या कासवाच्या पोटाच्या मागच्या भागाला कातडीच्या दोन पाळ्या असतात. पाय आत ओढले की त्या पाळ्या वर येऊन पायांना झाकतात, आणि त्यामुळे झाकण बंद झाल्याचा भास होतो.

खात्री करून घेण्यासाठी ते पिल्लू उजेडात तळहातावर घेऊन पाहावे. पाठीवर खवल्यांचे चौकोनी तुकडे नसून गुळगुळीत कातडी असेल, नाकाचा शेंडा लहान नळीसारखा पुढे आलेला असेल, पायांची बोटे पडद्याने जोडलेली असतील आणि प्रत्येक पायाला तीनच नखे असतील, तर ते मऊ पाठीच्या कासवांपैकी आहे. त्यातही पोटाकडे त्या दोन पाळ्या दिसल्या तर ते फ्लॅपशेल समजावे. पाळ्या नसून पाठीवर डोळ्यांसारखी चार-सहा गोल वलये दिसली, तर मात्र विलंब न करता वनविभागाला कळवावे. कृष्णा, भीमा, गोदावरी अशा दख्खनच्या नद्यांत राहणाऱ्या ‘लीथ्स सॉफ्टशेल’ या कासवाच्या पिलांवर अशी वलये असतात आणि ती जात आज अतिसंकटग्रस्त मानली जाते. पाठ कठीण व काळसर असून तिच्यावर तीन उंचवट्याच्या रेषा लांबीने गेलेल्या असतील, तर ते आपल्या विहिरी-तळ्यांतले काळे कासव होय.

फ्लॅपशेल हे तळी, कालवे, ओढे आणि पाणथळ शेतांत राहते. चिखलात शिरणे हा त्याचा स्वभाव आहे आणि उन्हाळ्यात पाणी आटले की ते चिखलात दडूनच दिवस काढते. म्हणून खोक्यातल्या मातीत ते सतत शिरत असेल तर त्यात नवल नाही. परंतु पाण्यात राहणाऱ्या या इवल्या जिवाला जंगलातल्या कासवाची बशी पुरत नाही. मोठे कासव कोरड्यात तग धरते, पिल्लाच्या अंगातले पाणी मात्र झपाट्याने कमी होते.

आता ताबडतोब काय करावे ते सांगतो. ही व्यवस्था वनविभागाचे कर्मचारी येईपर्यंतच्या काही तासांची, फार तर एखाद्या दिवसाची आहे, हे कृपया लक्षात ठेवावे. पसरट घमेले किंवा प्लास्टिकचा टब घ्यावा. त्यात विहिरीचे स्वच्छ पाणी किंवा एक दिवस उघडे ठेवलेले नळाचे पाणी ओतावे. पिल्लू तळाशी उभे राहून मान वर करील तेव्हा त्याचे नाक सहज पाण्याबाहेर आले पाहिजे, याहून अधिक खोली नको. लहान पिल्लू दमले की बुडून मरते, हे अनेकांना ठाऊकच नसते. तळाशी बारीक वाळूचा थर द्यावा, खडी घालू नये, कारण टोकदार खड्यांनी त्याची कातडी सोलवटते आणि तेथे जंतू शिरतात. एका बाजूला कौलाचा तुकडा तिरपा ठेवावा, म्हणजे त्याला पाण्याबाहेर येऊन बसता येईल. टबावर जाळी बांधावी, कारण कावळा आणि मांजर या दोघांचीही नजर त्यावर जाते. सकाळचे कोवळे ऊन थोडा वेळ मिळाले तर चांगले, परंतु अर्धा टब सावलीत असलाच पाहिजे. उन्हात ठेवलेल्या टबातले थोडेसे पाणी पाहता पाहता तापते आणि पळून जायला जागा नसल्यामुळे पिल्लू जागीच दगावते.

जखमेवरची हळद कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच धुऊन काढावी. अर्धा लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात एक लहान चमचा मीठ पुरेसे आहे. हळद, तेल, राख किंवा कवचाला तडा असल्यास चिकटवण्याचा कोणताही पदार्थ लावू नये. कासवाचे कवच हे अंगावर घातलेले चिलखत नसून त्याच्या बरगड्या आणि पाठीचा कणा मिळून बनलेले जिवंत हाड आहे, त्याला रक्तपुरवठा आणि संवेदना दोन्ही असतात. वरून भेग बुजवली की आत पू साचतो. ओरखड्यांऐवजी खोल जखम दिसत असेल किंवा रक्त येत असेल, तर पाण्याऐवजी स्वच्छ, ओल्या सुती कापडावर ठेवून ते लगेच पशुवैद्यकाकडे पोहोचले पाहिजे. कुत्र्याच्या दातांची जखम वरून क्षुल्लक दिसली तरी आत जंतू खोलवर गेलेले असतात, त्यामुळे ओरखडे किरकोळ आहेत असे समजून थांबू नये.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. जनावरांच्या गोचिडांवर आणि जखमेतल्या अळ्यांवर आपल्या गोठ्यात आयव्हरमेक्टिन हे औषध सर्रास वापरले जाते. ते कासवांना घातक आहे, थोड्या मात्रेनेही लकवा होऊन मृत्यू येऊ शकतो. गावातल्या कोणी चांगल्या हेतूने ते सुचवले तरी देऊ नये.

खाण्याची एवढी काळजी करू नये. अंड्यातून नुकतेच निघालेले पिल्लू पोटातल्या बलकाच्या साठ्यावर काही दिवस काढू शकते. पोटाच्या मध्यभागी लहानशी पिवळसर गाठ दिसली तर ती हा साठाच समजावा आणि ती ओढू किंवा दाबू नये. दूध, चपाती, भात, चुरमुरे यांतले काहीही त्याला पचत नाही, शिवाय पाणी नासते ते वेगळेच. द्यायचेच झाले तर गांडुळाचा किंवा ताज्या माशाचा बारीक तुकडा पाण्यात टाकावा आणि न खाल्ल्यास तासाभराने काढून घ्यावा. फवारणी झालेल्या शेतातले किडे-गोगलगायी मात्र घालू नयेत. भेदरलेले आणि गारठलेले पिल्लू खात नाही. त्याला शांतता आणि ऊब मिळणे हे घास भरवण्यापेक्षा महत्त्वाचे आहे.

आपल्या सासूबाईंच्या भावनेचा मी आदर करतो. आपल्या देवळांत गाभाऱ्यासमोर कासव असते, कूर्मावतार आपण मानतो, आणि कासवी आपल्या पिलांना दुरून नुसत्या प्रेमळ नजरेने पोसते हा दृष्टांत संतवाङ्मयातून आपल्या घराघरांत पोहोचलेला आहे. त्या दृष्टांतामुळेच बहुधा, एकटे पिल्लू दिसले की आपल्याला ते आईपासून चुकलेले वाटते. प्रत्यक्षात कासवाची मादी मातीत अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. पिल्ले जन्मापासून एकटीच असतात आणि एकट्याने जगण्यासाठीच घडलेली असतात. फ्लॅपशेलची पिल्ले पावसाच्या सुरुवातीला जमीन मऊ झाली की बाहेर पडतात आणि जवळच्या पाण्याकडे चालू लागतात. आपल्या सरीतले पिल्लू बहुधा त्याच वाटेवर होते. ते पोरके नव्हते, त्याला फक्त कुत्रा आडवा आला. जखम नसती तर ते तेथेच पाण्याच्या कडेला, गवताच्या आडोशाला सोडून कुत्र्याला घरी बांधून ठेवणे एवढेच पुरेसे होते. लक्ष्मी म्हणून त्याला टबात कोंडण्यापेक्षा आपल्या शेताजवळच्या ओढ्यात ते वाढावे, यातच त्याचा मान आहे, असे सासूबाईंना माझ्या वतीने सांगावे. नखे मोजून कासवाला गुप्तधनाशी जोडणारे आणि त्यासाठी पैसे मोजायला तयार असलेले लोकही दुर्दैवाने आपल्या भागात फिरतात. त्यामुळे पिल्लाचे छायाचित्र गावभर पाठवू नये.

कायद्याविषयीही स्पष्ट लिहिणे माझे कर्तव्य आहे. फ्लॅपशेल कासव वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण आहे तेच त्याला आहे. त्याला पकडणे, पाळणे किंवा विकणे हा गुन्हा असून त्यासाठी तीन ते सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. जखमी प्राण्याला वाचवून तातडीने वनविभागाच्या स्वाधीन करणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही, परंतु आठवडा उलटून गेला आहे, आता आणखी उशीर करू नये. महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करावा आणि पिल्लू नेमके कोठे सापडले ते ठिकाण सांगावे, कारण उपचारानंतर ते त्याच पाण्याजवळ सोडणे इष्ट असते. सोबत म्हणून दुसरे पिल्लू आणण्याचा विचार मनात आला असेल तर तोही सोडून द्यावा. कासवाला सोबत लागत नाही, आणि एका टबात दोन पिल्ले ठेवली तर ती एकमेकांच्या पायांना व शेपटीला चावतात.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात राहते. तिच्या अंगणात गवत कापताना नातवाला कासवाचे पिल्लू सापडले. ते बॉक्स टर्टल असल्याचे तेथील शेजाऱ्यांनी सांगितले. नातू ते सोडायला तयार नाही आणि आजीने परवानगी द्यावी म्हणून रोज फोन करतो. ते घरी ठेवता येईल का आणि कसे? — एक आजी, सातारा

उत्तर : आजी, हे पिल्लू मात्र खरोखरच बॉक्स टर्टल असणार. पूर्वेकडच्या बॉक्स टर्टलला नॉर्थ कॅरोलिनाने १९७९ साली आपला राज्य-सरपटणारा प्राणी म्हणून मान दिलेला आहे. या कासवाच्या पोटाच्या ढालीला आडवी बिजागरी असते. मोठे कासव तिच्या साहाय्याने पुढून आणि मागून पूर्ण बंद होते, इतके की आत नखही शिरत नाही. परंतु जेमतेम तीन सेंटिमीटरच्या पिल्लाची बिजागरी पहिली काही वर्षे चालतच नाही. म्हणून ते पालापाचोळ्याखाली लपून वाढते आणि फारसे कोणाच्या दृष्टीस पडत नाही. नातवाला ते दिसले हे त्याचे भाग्य आहे, आणि ते गवत कापण्याच्या यंत्राखाली आले नाही हे पिल्लाचे.

जखम नसेल तर माझे उत्तर एकच आहे : जेथे सापडले तेथून जवळच्या झाडीत, ओलसर पाचोळ्याच्या थरात त्याच दिवशी ठेवून यावे. दूरच्या ‘चांगल्या’ जंगलात नेऊन सोडणे हे उपकार नव्हेत. बॉक्स टर्टल बहुधा आपले सारे आयुष्य काहीशे मीटरच्या परिसरात काढते, तेथले पाणी, लपण्याच्या जागा आणि फळझाडे त्याला पाठ असतात. परक्या ठिकाणी सोडलेली कासवे जुन्या जागेच्या शोधात भटकत राहतात आणि रस्त्यावर मरतात. ही जात सावकाश वाढते, वयात यायलाच सात ते दहा वर्षे लागतात आणि अनेक कासवे पन्नास वर्षांच्या पुढे जगतात. त्यामुळे प्रत्येक घराने एकेक पिल्लू उचलले तर त्या जंगलाची भरपाई होत नाही. आंतरराष्ट्रीय पातळीवर ती असुरक्षित गणली जाते, आणि रानातून ती उचलण्यावर तेथील अनेक राज्यांत निर्बंध आहेत. पिल्लू जखमी असेल तर मुलीने परवानाधारक वन्यजीव पुनर्वसकाशी संपर्क साधावा. तेथे असे प्रशिक्षित लोक असतात आणि बहुतेक ठिकाणी त्यांची यादी राज्याच्या वन्यजीव खात्याकडे मिळते.

तोपर्यंतच्या देखभालीसाठी, किंवा पुनर्वसकानेच काही काळ सांभाळायला सांगितले तर, पुढील गोष्टी मुलीला कळवाव्यात. काचेच्या पेटीपेक्षा अपारदर्शक भिंतींचा टब चांगला, कारण काचेतून बाहेरचे दिसत राहिले की पिल्लू दिवसभर भिंतीवर धडका मारते. तळाशी सुमारे दहा सेंटिमीटर जाडीचा नारळाच्या भुशाचा ओलसर थर आणि त्यावर भरपूर पाचोळा असावा. मूठभर भुसा दाबल्यावर हाताला ओल लागावी, पण पाणी ठिबकू नये. बॉक्स टर्टलचे पिल्लू घरात मरते ते बहुतेक वेळा कोरड्या हवेने, भुकेने नव्हे. टबाचे एक टोक २८ ते ३० अंश सेल्सिअस आणि दुसरे २२ ते २४ अंशांच्या आसपास ठेवले की त्याला हवी ती ऊब स्वतः निवडता येते. पाण्याची बशी इतकी उथळ असावी की पाणी त्याच्या कवचाच्या निम्म्यापर्यंतच यावे, आणि पाणी रोज बदलावे.

प्रकाशाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण येथेच सर्वांत जास्त पिलांचे नुकसान होते. कासवाच्या कातडीवर अतिनील-बी किरण पडले तरच त्याच्या अंगात ‘ड’ जीवनसत्त्व पुरेसे तयार होते, आणि ते असेल तरच खाल्लेले कॅल्शियम हाडांपर्यंत पोहोचते. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात हे किरण अडले जातात, त्यामुळे खिडकीत ठेवलेले पिल्लू उन्हात दिसत असले तरी उपाशीच राहते. काही महिन्यांत त्याचे कवच बोटाने दाबले जाईल इतके मऊ होते, पाय वाकतात आणि वाढ वेडीवाकडी होते. त्यासाठी सरपटणाऱ्या प्राण्यांकरिता मिळणारा विशिष्ट दिवा दिवसाचे दहा-बारा तास लावावा लागतो. दिवा प्रकाश देत राहिला तरी त्यातले हे किरण काळानुसार कमी होतात, म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत तो बदलावा लागतो.

लहानपणी हे कासव मुख्यतः मांसाहारी असते. बारीक केलेली गांडुळे, लहान किडे, गोगलगायी हे त्याचे अन्न होय, आणि त्यावर चिमूटभर फॉस्फरसविरहित कॅल्शियमची भुकटी टाकावी. फळे आणि अळंबी ते मोठेपणी आवडीने खाते. केवळ कोबी-काकडीवर ठेवलेल्या पिलांना ‘अ’ जीवनसत्त्व मिळत नाही. त्यांचे डोळे सुजून मिटतात आणि डोळ्यामागे, कानाच्या जागी पुवाची गाठ येते. नाकातून बुडबुडे येणे किंवा तोंड उघडे ठेवून श्वास घेणे हेही आजाराचे लक्षण आहे, आणि अशा वेळी घरगुती उपाय न करता डॉक्टरांकडेच न्यावे. आठवड्यातून एकदा लहान काट्यावर वजन करून लिहून ठेवणे हा सर्वांत विश्वासार्ह मार्ग आहे, कारण कासव आजारपण फार काळ लपवते.

नातवासाठी एक सूचना आहे आणि ती आजीच्या शब्दांतच त्याला पटेल. कासवे निरोगी दिसली तरी त्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. याच कारणाने अमेरिकेने १९७५ पासून चार इंचांहून लहान कवचाची कासवे पाळण्यासाठी विकण्यावर बंदी घातली आहे, कारण लहान मुले ती तोंडाला लावत. म्हणून हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, त्याची बशी स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये धुऊ नये, आणि घरात पाच वर्षांखालील मूल असेल तर पिल्लू त्याच्या हातात देऊ नये. नातवाने त्याच्या कवचावरच्या पिवळ्या-नारिंगी रेघांचे चित्र काढून ठेवावे आणि सोडल्याची जागा वहीत टिपावी. प्रत्येक बॉक्स टर्टलची नक्षी वेगळी असते आणि ते त्याच परिसरात राहणार असल्यामुळे, काही वर्षांनी ते पुन्हा भेटले तर चित्रावरून ओळखता येण्याची शक्यता आहे, जरी वाढत्या वयाबरोबर नक्षी बदलत असली तरी.

प्रश्न : आमच्याकडे डोळ्यांमागे लाल पट्टा असलेले कासव आहे. लहान असताना दुकानातून आणले होते, आता ते टाकीत मावत नाही. कराडला प्रीतिसंगमावर सोडले तर चालेल का? — एक वाचक, कराड

उत्तर : कृपया सोडू नये. हे ‘रेड-इअर्ड स्लायडर’ नावाचे अमेरिकी कासव असून जगातल्या शंभर अतिउपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत त्याचा समावेश आहे. कृष्णेत किंवा कोयनेत ते जगले तर वर उल्लेख केलेल्या आपल्या देशी कासवांचे अन्न आणि ऊन खाण्याच्या जागा बळकावील, आणि त्यांच्यात नवे रोगही पसरवू शकेल. टाकी अपुरी पडत असेल तर अंगणात किंवा गच्चीवर सिमेंटचा हौद बांधावा. हौदात कासवाच्या लांबीच्या दीडपट तरी खोल पाणी, चढून बसायला कोरडा कट्टा, अर्ध्या भागावर सावली आणि कडेला आतल्या बाजूने वळवलेली वीतभर जाळी असावी, कारण हे कासव चढून बाहेर पडण्यात तरबेज असते. सांभाळणे शक्यच नसेल तर स्थानिक वनक्षेत्रपाल कार्यालयात जाऊन ते कोणाकडे सोपवता येईल याची विचारणा करावी, आणि उत्तर मिळेपर्यंत ते आपल्याच ताब्यात ठेवावे.